डोमेन नावाचे पुनर्विक्री मूल्य : नवशिक्या नोंदणीदारांसाठी एक विवेचन

प्रस्तावना :
महाजालावरील संकेतस्थळाचा पत्ता म्हणजे डोमेन नाव होय. हे नाव 'विकत घेतले' असे म्हटले जात असले तरी प्रत्यक्षात ठरावीक मुदतीसाठी त्याची केवळ नोंदणी होते व मुदत संपताच नूतनीकरण करावे लागते. २०१९ मध्ये 'व्हॉइस डॉट कॉम' हे नाव ३ कोटी डॉलर्सना विकले गेले. अशा वार्तांमुळे नवशिक्या व्यक्ती नावे नोंदवून ठेवण्यास प्रवृत्त होते. परंतु बातमी विकल्या गेलेल्या नावाची होते. पडून राहिलेल्या असंख्य नावांची होत नाही. म्हणूनच मूल्यनिश्चितीचे निकष समजून घेणे आवश्यक ठरते.

मूल्याचे निकष :
उदाहरणादाखल 'खारदांडा डॉट कॉम' असे नाव विचारात घेऊ. खारदांडा हा खार पश्चिमेकडील समुद्रकिनाऱ्यावरचा कोळीवाडा. स्थानिक रहिवाशास हे नाव मोलाचे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि आत्मीयता म्हणजे बाजारभाव नव्हे.

पहिला निकष लेखनसुलभतेचा. नाव दूरध्वनीवर ऐकून अचूक लिहिता आले पाहिजे. रोमन लिपीत 'खारदांडा' लिहिताना 'आ'कारासाठी एक अक्षर घ्यावे की दोन, असा संभ्रम निर्माण होतो. दुसरा निकष संभाव्य ग्राहकांचा. मासळीविक्रेते, खानावळवाले, घरांचे दलाल यांना हे नाव उपयोगी पडेल. परंतु ते स्वतःच्या व्यवसायाच्या नावावरही काम भागवू शकतात. तिसरा निकष प्रत्ययाचा. 'डॉट कॉम'ला मिळणारी किंमत त्याच नावाच्या अन्य प्रत्ययास मिळेलच असे नाही. २०१४ पासून देवनागरीतील 'डॉट भारत' हा पर्यायही उपलब्ध आहे.

संगणकीय मूल्यमापनात दिसणारा आकडा हा केवळ अंदाज असतो. तो कोणा ग्राहकाचा देकार नसतो. त्यापेक्षा तत्सम नावांच्या प्रत्यक्ष विक्रीच्या नोंदी अधिक विश्वसनीय होत.

कायदेशीर मर्यादा :
नवशिक्यास जे नाव सर्वाधिक किमती वाटते, तेच पुष्कळदा निरुपयोगी ठरते. 'रेडिफ'शी एका अक्षराचाच फरक असलेले 'रॅडिफ डॉट कॉम' हे नाव वापरण्यास मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मनाई केली. डोमेन नावास व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयानेही २००४ मध्ये सत्यम इन्फोवे खटल्यात मान्य केले. दुसऱ्याचे चिन्ह ओळखून, त्यालाच विकण्याच्या हेतूने केलेली नोंदणी आंतरराष्ट्रीय तंटानिवारण नियमांनुसार दुर्हेतूचा पुरावा मानली जाते आणि नाव मोबदल्याविना हस्तांतरित होऊ शकते.

खर्चाचा हिशेब :
समजा, २० नावांच्या नूतनीकरणास प्रत्येकी वार्षिक १,००० रुपये लागतात. तीन वर्षांत ६०,००० रुपये खर्च होतील. त्या काळात एकच नाव २५,००० रुपयांस विकले गेले, तर त्या विक्रीचा आनंद झाला तरी ३५,००० रुपयांचा तोटाच पदरी पडेल.

समारोप :
सारांश, डोमेन नावाचे मूल्य नोंदणीदाराच्या अपेक्षेत नसून ग्राहकाच्या गरजेत असते. ते नाव कोण घेईल, कशासाठी घेईल आणि त्यावर अन्य कोणाचा हक्क आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे नोंदणीपूर्वीच शोधावीत. ती न मिळाल्यास नोंदणी न करणे हाच शहाणपणाचा निर्णय होय.