दिलेला सदका परत मागता येतो का?

लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या एक खाला आमच्या ओळखीच्या आहेत. गेल्या पावसाळ्यात त्या घरी आल्या, चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि उठता उठता त्यांनी हळूच विचारलं, "बेटी, अल्लाहच्या नावानं दिलेले पैसे परत मागितले तर गुनाह होतो का गं?"

मी त्यांना पुन्हा बसवलं. मग सगळं बाहेर आलं. दर जुम्मेरातला एका घरात बायकांची बैठक व्हायची. बाहेरगावाहून कुणी हजरत यायचे, दुआ करायचे. आधी शंभर रुपये, मग महिन्याला हजार. नंतर मुलाला नोकरी लागत नव्हती, तेव्हा सांगण्यात आलं की घरातल्या सोन्यावर 'असर' आहे, ते अल्लाहच्या वाटेत दिलं तर दरवाजे उघडतील. भिशीचे पैसे गेले, सासूच्या दोन बांगड्या गेल्या. दरवाजे काही उघडले नाहीत. खालांनी बैठकीला जाणं सोडलं, तेव्हा बाकीच्या बायकांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

"पावती आहे?" मी विचारलं.

"अल्लाहला पावती मागायची का?" त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांचं नव्हतं. त्यांना ते शिकवलेलं होतं.

त्या दिवसापासून मी या प्रश्नामागे लागले. मौलानांना विचारलं, वकिलांना विचारलं, जुने खटले वाचले. जे हाती आलं ते इथं मांडते, कारण खाला एकट्या नाहीत.

आधी दीनचं पाहू. दिलेलं दान परत घेऊ नये, ही शिकवण अगदी स्पष्ट आहे. हजरत उमर (रजि.) यांनी एक घोडा अल्लाहच्या वाटेत दिला होता. ज्याला दिला त्यानं त्याची आबाळ केली. तो स्वस्तात विकला जाईल असं वाटून हजरत उमर तो विकत घ्यायला निघाले, तर पैगंबर मुहम्मद (स.) यांनी तेही करू दिलं नाही. म्हणजे फुकट परत घेणं सोडाच, पैसे मोजूनही नाही. मौलाना लोक हीच हदीस सांगतात आणि ती बरोबरच आहे.

पण तिथं थांबणं बरोबर नाही. घोडा उमर यांनी स्वतःच्या मर्जीनं दिला होता, कुणी घाबरवून घेतला नव्हता. कअब बिन मालिक (रजि.) आपली तौबा कबूल झाल्याच्या आनंदात सगळी मालमत्ता द्यायला निघाले, तेव्हा पैगंबरांनीच त्यांना काही स्वतःजवळ ठेवायला सांगितलं. घेणाऱ्यानं देणाऱ्याचा हात अडवला! आणखी एक किस्सा आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. इब्न लुतबिया नावाच्या माणसाला जकात गोळा करायला पाठवलं होतं. परत आल्यावर तो म्हणाला, एवढं तुमचं आणि एवढं मला भेट म्हणून मिळालं. त्यावर पैगंबर मिंबरवर उभे राहिले आणि सर्वांसमोर विचारलं की हा आपल्या आईबापाच्या घरी बसला असता तर या भेटी त्याला आल्या असत्या का? हिशेब मागणं हा बेअदबपणा असता, तर तो मिंबरवरून मागितला गेला नसता. सूरह तौबाच्या 34व्या आयतीत तर लोकांचा माल नाहक खाणाऱ्या धर्मगुरूंबद्दलच इशारा आहे.

कायदाही जवळपास याच दोन टोकांमध्ये उभा आहे. आपल्याकडे मुस्लिम कायद्यात हिबा, म्हणजे भेट, काही परिस्थितीत कोर्टामार्फत रद्द होऊ शकते. सदका एकदा ताब्यात दिला की रद्द होत नाही. मात्र दोन्हींना एक अट आहे, देणाऱ्याची मर्जी खरी असली पाहिजे. भारतीय करार कायद्याच्या कलम 16 मध्ये 'अनुचित प्रभाव' सांगितला आहे. एखादा माणूस दुसऱ्याच्या मनावर हुकमत गाजवू शकेल अशा जागी असेल आणि त्या जागेचा फायदा उठवून काही मिळवत असेल, तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. गुरू आणि शिष्य हे नातं त्यातलंच. 1890 साली अलाहाबाद हायकोर्टापुढे मन्नूसिंग विरुद्ध उमादत्त पांडे हा खटला आला होता. एका वृद्धानं परलोकाच्या भल्यासाठी मालमत्ता गुरूच्या नावे केली होती. कोर्टानं म्हटलं, शिष्यानं हे स्वतःच्या मोकळ्या मनानं केलं हे गुरूनं सिद्ध करावं. पुराव्याचं ओझं घेणाऱ्यावर टाकलं, ही मोठी गोष्ट.

याच विषयावरचा सर्वांत गाजलेला खटला इंग्लंडचा, 1887चा. मिस ऑलकार्ड नावाची बाई एका ख्रिस्ती भगिनी-संघात दाखल झाली. गरिबीची आणि आज्ञापालनाची शपथ घेतली आणि आपली मालमत्ता संघाला दिली. तिथला नियम असा होता की वरिष्ठ भगिनीच्या परवानगीशिवाय बाहेरच्या कुणाचा सल्ला घ्यायचा नाही. 1879 मध्ये ती बाहेर पडली. उरलेले पैसे परत मिळावेत म्हणून दावा केला तो 1885 मध्ये. न्यायाधीशांनी मान्य केलं की अशा नियमाखाली दिलेलं दान टिकण्यासारखं नाही. तरीही ती हरली. का? उशीर. बाहेर पडून वकिलाचा सल्ला मिळत असूनही ती सहा वर्षं गप्प बसली.

आपल्याकडे असा व्यवहार रद्द करून घ्यायची मुदत साधारणपणे तीन वर्षांची आहे, खरी हकीकत कळल्यापासून. बायका मात्र लाजेपोटी, भीतीपोटी ही तीन वर्षं अशीच घालवतात.

आता आपल्या मुंबई इलाख्याकडे येऊ. दान आणि हिशेब यावरून मुस्लिम समाजात जेवढं इथं कोर्टात भांडलं गेलं, तेवढं क्वचितच कुठं गेलं असेल. 1830च्या सुमारास मुंबईच्या खोजा जमातीतल्या काही जणांनी आगाखानांच्या प्रतिनिधीला नजराणा द्यायला नकार दिला. त्यांना जमातीबाहेर काढलं गेलं. 'बारभाई' हे नाव त्यांना तेव्हापासून चिकटलं. वाद मिटला, पुन्हा पेटला. 1850 मध्ये तर माहीमच्या जमातखान्यात चार माणसांचे खून पडले. शेवटी 1866 मध्ये न्यायमूर्ती अर्नोल्ड यांच्यापुढे मोठा खटला चालला. विरोधकांचं म्हणणं होतं की जमातीची मिळकत जमातीची आहे, तिचा हिशेब द्या. 12 नोव्हेंबर 1866 रोजी निकाल लागला तो आगाखानांच्या बाजूनं. खोजे हे इस्माइली शिया आहेत आणि रूढीचा नजराणा घेण्याचा इमामांना हक्क आहे, असं कोर्टानं ठरवलं. पुढं 1908 मध्ये त्याच घराण्यातल्या हाजी बीबींच्या खटल्यात न्या. रसेल यांनी, हे नजराणे आगाखानांची वैयक्तिक मिळकत आहेत, असाही निर्णय दिला. मुरीद जे देतो ते इमामाला देतो, ही तिथं श्रद्धेचीच गोष्ट असल्यानं कोर्टानं ती तशी मानली.

दाऊदी बोहरा समाजाचा चांदाभाई गल्ल्याचा खटला मात्र वेगळ्या वाटेनं गेला. मुंबईत सेठ चांदाभाई यांच्या मजारवर एक गल्ला होता. भाविक त्यात पैसे टाकत. या पैशांचं आणि त्यातून घेतलेल्या मिळकतींचं काय होतं, असा प्रश्न सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबातल्या मंडळींनी उभा केला. (माथेरानची छोटी रेल्वे ज्या कुटुंबानं उभारली तेच हे.) 1917 मध्ये अ‍ॅडव्होकेट जनरलच्या नावानं दावा लागला. बाजू मांडण्यात आली की दाई हे इमामांचे प्रतिनिधी आहेत, ते कुणाला हिशेब देणं लागत नाहीत. 1921 मध्ये न्या. मार्टिन यांनी दाईंचं धार्मिक स्थान मान्य केलं, पण गल्ल्याचा पैसा हा धर्मादाय न्यास आहे आणि दाई त्याचे विश्वस्त आहेत, म्हणून हिशेब द्यावा लागेल, असा निकाल दिला. पैसे कुणाला परत मिळाले नाहीत. ते मागितलेही नव्हते. हिशेब मागितला होता, तो हक्क मिळाला.

मला वाटतं, फरक इथंच आहे. परत मागणं अवघड, हिशेब मागणं सोपं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950चा आहे. नोंदणीकृत न्यासाला हिशेब ठेवावे लागतात, तपासून घ्यावे लागतात आणि ते धर्मादाय आयुक्तांकडे जातात. न्यासाशी संबंध असलेल्या दोन व्यक्ती आयुक्तांच्या लेखी संमतीनं दावा लावू शकतात. वक्फ असेल तर वक्फ मंडळाकडे जायचं. पुण्यातच कोरेगाव पार्कच्या ओशो आश्रमाची जमीन 107 कोटींना विकण्याचा प्रस्ताव होता. आश्रमाच्याच काही जुन्या शिष्यांनी हरकत घेतली आणि डिसेंबर 2023 मध्ये परवानगी नाकारली गेली. भक्त होतो म्हणून गप्प बसलो, असं त्यांनी केलं नाही.

खालांची अडचण अशी की त्यांच्या बैठकीला ना नाव, ना नोंदणी. मग जादूटोणाविरोधी कायदा राहतो, 2013चा. चमत्काराच्या नावानं फसवून पैसे घेणं त्यात गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. तो सगळ्या धर्मांच्या बुवांना सारखाच लागू आहे. आपल्याकडे काहींना तो 'दुसऱ्यांसाठीचा' वाटतो, ते चूक आहे. आणि बोलणं बंद करणाऱ्यांसाठी सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016चा कायदाही आहे.

जपाननं या बाबतीत आपल्यापुढं पाऊल टाकलंय. तिथं 'युनिफिकेशन चर्च' नावाचा पंथ पूर्वजांच्या पापाची भीती घालून मोठमोठ्या देणग्या घेत असे. जुलै 2022 मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांचा खून झाला. मारेकऱ्याच्या आईनं या पंथाला सुमारे 10 कोटी येन देऊन घर धुळीला मिळवलं होतं. खुनाचं समर्थन होऊच शकत नाही. पण त्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला की भीती घालून घेतलेली देणगी रद्द करता येईल आणि देणाऱ्यावर अवलंबून असलेली मुलं, पती किंवा पत्नीही आपल्या पोटगीपुरती ती मागू शकतील. मार्च 2025 मध्ये टोकियोच्या कोर्टानं पंथ विसर्जित करण्याचा आदेश दिला. मुलांना दिलेला हा हक्क मला फार पटला. खालांच्या बांगड्या सासूच्या होत्या, सुनेला जायच्या होत्या.

मध्यंतरी मी खालांना घेऊन कार्ल्याच्या लेण्यांत गेले होते. लोणावळ्यात जन्म गेला, पण त्या एकविरेच्या पायऱ्यांपलीकडे कधी चढल्या नव्हत्या. चैत्यगृहातल्या खांबांवर ब्राह्मी अक्षरं कोरलेली आहेत. हा खांब धेनुकाकटच्या अमक्या यवनाचं दान, हे द्वार गंधी सिंहदत्ताचं. दोन हजार वर्षांपूर्वीचे दाते, त्यांचं नाव, गाव, कधी धंदासुद्धा. करजिक नावाचं अख्खं गाव इथल्या भिक्षूंना दिल्याचा लेख आहे आणि पुढं सातवाहनांच्या काळात मामालच्या अधिकाऱ्याला त्याच गावाबद्दल आज्ञा दिल्याचाही. हे मामाल म्हणजेच आपलं मावळ. राज्य बदललं, तरी दानाचं लेखी राहिलं.

"म्हणजे हीच पावती की," खाला खांबाला हात लावत म्हणाल्या.

त्यानंतर त्या कामाला लागल्या. मुलीनं वहीत आठवून आठवून तारखा लिहिल्या. कुणासमोर काय दिलं तेही लिहिलं. बँकेच्या पासबुकात मोबाईलवरून पाठवलेल्या चार रकमा सापडल्या, ते सोन्याहून मोलाचं ठरलं. वडगाव मावळच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, स्त्रियांना तिथं मोफत वकील मिळतो. वकीलबाईंनी वही पाहिली आणि आधी नोटीस पाठवू म्हणाल्या. रोख दिलेल्याचं कठीण आहे, हेही त्यांनी लपवलं नाही.

नोटिशीचा मसुदा तयार आहे. खालांची सही बाकी आहे. त्यांची नणंद अजून त्या बैठकीला जाते आणि तिच्या मुलीचं लग्न ठरलंय. सही केली तर त्या घरचं आमंत्रण येणार नाही, हे खालांना माहीत आहे. तीन वर्षांची मुदत पुढच्या रमजानच्या आधी संपते. गेल्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या होत्या. कागद पिशवीत घडी घालून ठेवला होता. जाताना म्हणाल्या, "लग्न कधी आहे ते जरा विचारून सांगशील?"