दैत्याचा झाला दवणा

लोणारचं दैत्यसूदन मंदिर लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं. विष्णूनेच मारलेला आणखी एक दैत्य म्हणजे दमनक. जगन्नाथपुरीची कथा सांगते, तो जमिनीवर पडला आणि त्याचं सुगंधी झुडूप झालं. तोच आपला दवणा, चैत्रात जोतिबाला वाहतात तो.

शास्त्रीय नाव आर्टेमिसिया पॅलेन्स, शेवंतीच्या कुळातला. बारीक चिरलेली, करडी-रुपेरी पानं चुरगाळली की पानांवरच्या सूक्ष्म तैलग्रंथी फुटतात. आधी कडवट, औषधी झणका येतो, मागून पिकल्या फळाचा, सुक्या मेव्याचा गोडवा. या वासामागचं मुख्य द्रव्य दवनोन. दवण्यावरूनच त्याचं नाव पडलं.

पीक फुलावर आलं की कापतात, सावलीत सुकवतात आणि वाफेवर तेल काढतात. वाफ तेलाला सोबत घेऊन वर जाते. थंड झाल्यावर पाणी आणि तेल वेगळं होतं. लागवड मुख्यतः दक्षिण भारतात होते, पण हे तेल परदेशी अत्तरांतही जातं. प्रत्येकाच्या त्वचेवर ते वेगळं दरवळतं, अशी अत्तरकारांत त्याची ख्याती आहे. मला तर जुडीतला ताजा दवणाच जास्त आवडतो.