मामांची संत्री आणि माझा बंद पडलेला नंबर

गेल्या वर्षी नाताळच्या आधीच्या रविवारी मिस्सा संपली आणि चर्चच्या आवारात एका काकूंनी मला गाठलं. "अगं, तुझ्या मामांना झालंय तरी काय? संत्र्यांसाठी पंधरा दिवस फोन लावतेय. कुणी भलताच माणूस उचलतो आणि वर चिडतो!" मी म्हटलं, नंबर दाखवा. पाहते तर तो माझाच जुना नंबर.

मामांचा बगीचा पांढुर्ण्याजवळ आहे. मावशी सौंसरला असते, पेट्या तिच्या ओसरीवर भरल्या जातात. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबरात तोडायला येतात. आमच्या भागात बहुतेक जण झाडावरचा अख्खा बगीचाच व्यापाऱ्याला देतात, आणि मग भाव तो सांगेल तो. मामांनी तीन वर्षांपूर्वी थोडी झाडं बाजूला ठेवून पेट्या थेट नागपूरच्या घरांत पोचवायला सुरुवात केली. तेव्हा मी अठरा वर्षांची, घरातली 'मोबाईलमधली हुशार'. एका दुपारी बसून मी सगळं उभं केलं: गूगलवर नोंद, व्हॉट्सॲप बिझनेस, इन्स्टाग्रामचं पान. सगळं माझ्या दुसऱ्या सिमवर आणि माझ्या ईमेलवर. पुढे हॉस्टेलला आले, नवं सिम घेतलं आणि जुन्याचा रिचार्ज करायचा राहून गेला.

मामांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते फक्त म्हणाले, "काहून बाई, यंदा कोणाचाच फोन नाही आला. मले वाटलं लोकायचं मन भरलं." बाजूला ठेवलेली फळंही शेवटी व्यापाऱ्यालाच गेली. त्याच्याच भावात.

हा लेख त्या अपराधी भावनेतून लिहिते आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी दुकान, बगीचा, टेलरिंग, खानावळ असं काहीतरी असतं, आणि 'ऑनलाइनचं तू बघ' हे काम आपल्याच गळ्यात पडतं. म्हणून नेमकं कुठे चुकतं ते सांगते.

भारतात बंद झालेला मोबाइल नंबर किमान ९० दिवस कुणाला दिला जात नाही, त्यानंतर तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. नवा मालक त्याच नंबरावर आपलं व्हॉट्सॲप सुरू करतो. म्हणजे तुमच्या पेटीवर छापलेला, गूगलवर झळकणारा नंबर आता एका अनोळखी माणसाचा असतो, आणि त्या बिचाऱ्याला दिवसभर संत्र्यांचे भाव विचारले जातात. (मी त्याला फोन करून माफी मागितली. भला माणूस निघाला.) व्हॉट्सॲपमध्ये 'नंबर बदला' अशी सोय आहे. जुनं सिम चालू असतानाच ती वापरली असती, तर पाच मिनिटांचं काम होतं.

ईमेलचंही तेच. गूगलच्या व्यवसाय-नोंदीला एक मुख्य मालक असतो, बाकीचे मालक किंवा व्यवस्थापक म्हणून जोडता येतात. मुख्य मालक मी होते, मामा कुणीच नव्हते. आता मामांच्या नावाचं खातं काढून त्यांना मालक म्हणून जोडलं. नव्याने जोडलेल्या माणसाला पूर्ण अधिकार मिळायला सात दिवस थांबावं लागतं, मग मुख्य मालकी त्यांच्याकडे दिली. तुमच्याकडे हे सगळं कुणा नात्यातल्या मुलाने केलं असेल आणि तो आता पुण्याला नोकरीत रमला असेल, तर गूगलवरूनच मालकीची विनंती पाठवता येते. पण त्याला फोन करणं जास्त सोपं. आणखी एक: दोन वर्षं कुणी उघडलंच नाही, तर गूगल ते वैयक्तिक खातं काढून टाकू शकतं.

दुसरी गोची नावाची. आम्ही सीमेवरची माणसं, त्यामुळे आमच्या गावाचं नावसुद्धा एक नाही. मराठीत सौंसर, हिंदी पाट्यांवर सौसर. इंग्रजीत मधला 'एन' कधी असतो, कधी नसतो. पांढुर्ण्याच्या 'ढ'साठी कुणी 'डीएच' लिहितं, कुणी नुसता 'डी'. त्यात २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं, पण जुन्या कागदांवर अजून छिंदवाडाच आहे. गिऱ्हाईक यातलं काहीही टाइप करू शकतं. म्हणून बगिच्याचं नाव सगळीकडे एकच ठेवलं, अक्षरही न बदलता, आणि वर्णनात गावं मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही तऱ्हांनी लिहिली. नावातच 'उत्तम, स्वस्त, गोड संत्री' कोंबायचा मोह मला झाला होता. गूगलला ते चालत नाही, पाटीवर असेल तेच नाव हवं. यूपीआयवर पैसे भरताना खातेदाराचं नाव दिसतं. ते भलतंच असलं की माणूस थबकतो. आमच्याकडे मावशीचं दिसायचं, आता मामांचं दिसतं.

पण हे झालं पत्त्याचं. 'ऑनलाइन उपस्थिती' हा शब्द मला तसा आवडत नाही, त्यात हजेरीपटाचा वास येतो. आपल्याकडे यासाठी 'पत' हा जुना शब्द आहे, आणि ती दुकानाइतकीच मालकाचीही असते. काकू संत्री घेतात ती मामांवर विश्वास असतो म्हणून. मी मात्र पानावर चकचकीत पोस्टर टाकत होते, इंटरनेटवरून उचललेल्या संत्र्यांच्या फोटोंचे. मामा कुठेच नव्हते.

मराठी नियतकालिकांविषयी वाचताना मला याचं एक जुनं उदाहरण सापडलं. लोखंडी नांगर बनवणाऱ्या किर्लोस्करांच्या कारखान्यातून शं. वा. किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. कारखान्याचं छोटंसं पत्रक, पण पुढे त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. नांगर विकणारं घर लोकांशी नांगरापलीकडचं बोलत राहिलं, तेही स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या मासिकातून. उलट २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा तिथे मेहनतीने जमवलेला लोकांचा प्रेक्षक एका रात्रीत गेला. म्हणून मामांकडे आता गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर एका वहीतही आहेत.

मामा बोलतात काय? पहिला व्हिडिओ मी बळेच काढला. एका गिऱ्हाइकाची तक्रार होती की चार दिवसांत साल सुरकुतली. मामांनी झाडाखाली उभं राहून सांगितलं, की पॅकिंग केंद्रात फळावर मेणाचा पातळ थर देतात, त्याने आतलं पाणी टिकतं. आम्ही तो देत नाही, म्हणून साल लवकर सुकते. मग म्हणाले, "आतून पहा, नाही आवडलं तर पैसे परत." दीड मिनिट, आवाजात वारा, मध्येच बैल ओरडतो. माझ्या सगळ्या पोस्टरांना मिळून आले नव्हते तेवढे प्रश्न त्या व्हिडिओखाली आले.

अभिप्रायांबद्दल एक कबुली. सुरुवातीला आम्ही भावंडांनी एका रात्रीत पाच-पाच तारे देऊन टाकले होते. आता ते काढले. गूगलच्या नियमांत ते बसत नाहीच. शिवाय भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक आणलं, त्याचा रोखही अशा खोट्या कौतुकावरच आहे. उरलेल्यांत एक दोन ताऱ्यांचा आहे: "पेटीत तीन फळं सडकी होती." मामांनी त्याखाली स्वतः लिहिलं, चूक झाली, पुढच्या पेटीत भरून देतो. मला वाटायचं हे झाकावं. आता वाटतं, नवा माणूस आधी तेच वाचत असेल.

आता सिम मामांच्या नावावर आहे. व्हॉट्सॲपचा सहा आकडी पिन त्यांना पाठ आहे, आणि रिचार्ज संपायची तारीख मावशीच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेली असते. राहिल्या त्या गेल्या वर्षी छापून ठेवलेल्या रिकाम्या पेट्या. त्यांवर अजून माझाच जुना नंबर आहे. त्यावर एकेक चिठ्ठी चिकटवायचं काम दिवाळीच्या सुटीत माझ्याकडे आलं आहे.