कॉम्प्रेसरच्या हवेतले पाणी: आधी गारवा, मग सेपरेटर

घरच्या वर्कशॉपमध्ये स्प्रेने रंग देताना हवेसोबत पाणी येऊ लागले, की बरेच जण कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच वॉटर सेपरेटर (हवा गरगर फिरवून पाण्याचे थेंब वेगळे करणारे भांडे) बसवतात. तरीही पाणी येतच राहते. दोष सहसा सेपरेटरचा नसतो, त्याच्या जागेचा असतो.

हवेतले पाणी बाष्परूपात असते किंवा थेंबांच्या रूपात. सेपरेटर फक्त थेंब अडवतो. चहाची गाळणी पत्ती अडवते, विरघळलेली साखर नाही, तसेच हे. पंपातून निघालेली हवा गरम असते. तिच्यातले बाष्प सेपरेटरमधून तसेच पुढे जाते आणि नळीत गार झाल्यावर त्याचे थेंब होतात.

३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर जागेत सुमारे ३० ग्रॅमच बाष्प मावते. दाब वाढवला तरी ही मर्यादा जवळपास तीच राहते. पावसाळ्यातली ८० टक्के आर्द्रतेची ८ घनमीटर हवा दाबून १ घनमीटर केली, तर तिच्यात सुमारे १९० ग्रॅम पाणी असते. ती पुन्हा ३० अंशांवर आली, की त्यातले सुमारे १६० ग्रॅम द्रवरूपात सुटते.

म्हणून हवा आधी गार करावी, मग थेंब काढावेत. त्यासाठी लांब धातूची नळी उतार देऊन लावावी आणि सेपरेटर तिच्या शेवटी बसवावा. टाकीच्या तळातले पाणी कामानंतर रोज सोडावे. एवढे करूनही हवा संपृक्त (मावेल तेवढे बाष्प भरलेली) असते. रंगकामासाठी सेपरेटरनंतर सिलिका जेलचा (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा) ड्रायर जोडावा.