संमतीचा अर्धा हक्क

सुमारे दीडशे वर्षांपूर्वी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी बदली होऊन अलिबागेस आले, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची अल्पवयीन पत्नी होती. हीच पुढे डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून प्रसिद्धीस आली. नवव्या वर्षी वयाने बऱ्याच मोठ्या विधुराशी विवाह, चौदाव्या वर्षी मातृत्व आणि अवघ्या दहा दिवसांत अपत्याचा मृत्यू, हे तिच्या संसाराचे स्वरूप. तिच्या विद्येचे कौतुक महाराष्ट्राने मनःपूर्वक केले. परंतु या सहवासास तिची संमती होती काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. दंडविधानाच्या लेखी त्या काळी दहा वर्षे पूर्ण झालेल्या पत्नीला नकार देण्याचा अधिकारच नव्हता.

हा प्रश्न न्यायालयासमोर आणला तो रखमाबाईंनी. बालपणी आपल्या संमतीवाचून लावलेले लग्न आपणांवर बंधनकारक नाही, ही त्यांची भूमिका होती. पती दादाजी भिकाजी यांचा दावा १८८५ साली न्या. पिन्ही यांनी फेटाळला. पुढे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाईंचे निधन झाले आणि नंतर काही दिवसांतच न्या. फॅरन यांनी रखमाबाईंना पतीगृही जाण्याचा, अन्यथा सहा महिने कारावास भोगण्याचा हुकूम दिला. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. स्त्रीच्या नकाराला मान्यता मात्र मिळाली नाही.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने दहाची मर्यादा बारावर नेली. सुधारकांनी वैद्यकाचे दाखले दिले, विरोधकांनी शास्त्राचे. लोकमान्य टिळकांनी परकी सरकारच्या हस्तक्षेपास विरोध केला. कायद्याच्या नावातच ‘संमती’ हा शब्द होता, पण वाद झाला तो वयाचा. मुलीच्या मनाचा विचार दोन्ही पक्षांच्या युक्तिवादात गौणच राहिला.

स्त्रीला मन आहे, इतकेच नव्हे तर कामेच्छाही आहे आणि तीत लज्जास्पद काही नाही, हे स्पष्टपणे सांगणारे र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ च्या जुलैत निघाले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला कुलाबा जिल्ह्यातील महाड येथे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. पुढे १९३४ साली अश्लीलतेच्या खटल्यात कर्व्यांची बाजू मांडण्यास उभे राहिले तेही डॉ. आंबेडकरच. खटला ते हरले. तथापि जातिव्यवस्था आणि स्त्रीच्या इच्छेवरील पहारा यांचा निकटचा संबंध त्यांनी आपल्या लेखनात पूर्वीच दाखविला होता.

पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात, अंगावर जखमा नाहीत म्हणून संमती गृहीत धरून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविले. त्याविरुद्धच्या आंदोलनातून १९८३ ची कायदादुरुस्ती झाली. मुकाट्याने सोसणे म्हणजे संमती नव्हे, हे त्यानंतर हळूहळू मान्य झाले.

तरीही आजचा कायदा पाहावा. २०१२ च्या बालसंरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीच्या होकारास अर्थ नाही. म्हणून सतरा वर्षांची मुलगी परजातीतील मुलाबरोबर स्वखुशीने गेली, तर बापाच्या फिर्यादीवरून त्या मुलावर गंभीर गुन्हा दाखल होऊ शकतो. वय खाली आणल्यास मुलींना फसविणाऱ्यांचे फावेल, अशी भीती स्त्रीवादी चळवळीतील काहींना वाटते आणि ती निराधार नाही. दुसरीकडे, तीच मुलगी अठरा वर्षांची होऊन विवाहित झाली की पतीपुढे तिच्या नकारास बलात्काराच्या कलमात अर्थ उरत नाही. २०२४ साली अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही हा अपवाद कायम ठेवला. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात दाद मागता येते, हे खरे. परंतु बलात्कारास बलात्कार म्हणण्याचे मात्र टाळले जाते.

खोट्या तक्रारी होतील, विवाहसंस्था मोडेल, हे आक्षेप जुनेच आहेत. खोट्या तक्रारींची परीक्षा पुराव्यानेच व्हावयाची असते; आणि जी संस्था पत्नीच्या नकाराने मोडते, ती भीतीवरच उभी होती, असे म्हणणे भाग आहे.

एका वयात होकार व्यर्थ, पुढच्या वयात नकार व्यर्थ. दोन्हीकडे निर्णय दुसऱ्याचा, कधी पित्याचा तर कधी पतीचा. कोवळ्या वयाला संरक्षण अवश्य हवे. पण संरक्षण म्हणजे ताबा नव्हे. ‘नाही’ म्हणण्याचा आणि ‘होय’ म्हणण्याचा हक्क एकच आहे. तो तोडून अर्धा देता येत नाही.