पुदिन्याचा वास कसा राखिला ?

चटणीसाठीं आणिलेल्या पुदिन्याचें एक पान बोटांत चुरडून हुंगा. नंतर पेपरमिंटची गोळी जिभेवर ठेवा. दोन्ही वास पुदिन्याच्याच कुळांतील. परंतु पहिला सौम्य व गोडसर, तर दुसरा थंडगार व झोंबणारा. हा भेद कशामुळें होतो ?

पुदिन्याच्या पानावर अतिसूक्ष्म तैलग्रंथी असतात. पान चुरडतांच त्या फुटतात व त्यांतील तेल हवेंत उडून जातें. हें तेल म्हणजे एकच पदार्थ नसून अनेक द्रव्यांचें मिश्रण होय. चटणीच्या पुदिन्यांत बहुधा कार्व्होन हें द्रव्य प्रमुख असतें. पेपरमिंटमध्यें मेंथॉल व मेंथोन हीं प्रमुख असतात. दोन्ही वनस्पती लिमोनीन ह्या एकाच द्रव्यापासून आरंभ करितात. पुढें कोणती वाट धरावयाची, तें आनुवंशिक गुणांनीं ठरतें. शिवाय पेपरमिंटच्या कोवळ्या पानांत मेंथोन अधिक असतें व पान जून होतां होतां त्याचें मेंथॉल बनतें. म्हणून दोन झाडांचें तेल ताडून पाहावयाचें तर पानें सारख्याच वयाचीं घ्यावीं लागतात.

हें ज्ञान शेतकऱ्याच्या काय कामाचें, असें पालक विचारतील. ह्याचें उत्तर अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत मिळतें. तेथें पेपरमिंटची मोठी लागवड होती. १९२० नंतरच्या दशकांत जमिनींतील एका बुरशीमुळें पिकावर मर रोग आला. ही बुरशी वर्षानुवर्षें मातींत टिकते. त्यामुळें एकदां बिघडलेलें शेत पुन्हां पेपरमिंटच्या उपयोगीं पडेना.

नवें वाण काढावें, तर पेपरमिंट हा दोन जातींचा वांझ संकर. त्याला बीं धरत नाहीं. कांड्या लावूनच तो वाढवावा लागतो व प्रत्येक नवें झाड जुन्यासारखेंच निपजतें, रोगालाही तसेंच बळी पडतें. दुसऱ्या काटक जातीचा गुण आणावा, तर तेलाची घडण बदलते. आणि तेल बदललें कीं त्याला गिऱ्हाईक नाहीं!

कॅलामाझू येथील टॉड कंपनीचे शास्त्रज्ञ मेरिट मरे ह्यांनीं निराळा मार्ग धरिला. १९५५ पासून त्यांनीं पेपरमिंटच्या कांड्यांवर किरणांचा मारा करविला, जेणेंकरून एखादींत तरी अनुकूल पालट व्हावा. मग तीं झाडें मुद्दाम रोगट जमिनींतच लाविलीं. बहुतेक मेलीं, जीं तगलीं त्यांची निवड झाली. परंतु एवढ्यानें परीक्षा संपली नाहीं. त्यांच्या पानांचें तेल काढून तें जुन्या तेलाशीं ताडून पाहिलें. दोन्ही कसोट्यांस उतरलेलीं ‘टॉड्स मिचॅम’ व ‘मरे मिचॅम’ हीं वाणें १९७० नंतरच्या दशकांत शेतकऱ्यांच्या हातीं आलीं. तीं रोगापासून सर्वस्वीं मुक्त नाहींत. पण जुन्या वाणाहून अधिक तग धरतात.

मुलांनो, ह्या कामास पंधरा वर्षांहून अधिक काळ लागला, तो केवळ झाड जगविण्यासाठीं नव्हे. जगलेल्या झाडाचा वास तोच राहावा, ह्यासाठींही लागला.