लेकराला जवळ घ्यायला हरकत नाही

मंगरूळपीर तालुक्यातल्या आमच्या गावी काकू स्तनाच्या कर्करोगावरचे किरणांचे उपचार संपवून परत आल्या, तेव्हा त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या वेगळा काढून ठेवला होता. ताटही वेगळं. दीड वर्षाचा नातू हात पसरून त्यांच्याकडे धावला, तर शेजारच्या बाईंनी त्याला मधेच उचललं. "लेकराले जवळ नोको घेऊ वो माय, तुह्या आंगात किरनं हायेत." कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. पण त्या रात्रीपासून काकू माजघरात एकट्या झोपू लागल्या. शस्त्रक्रिया त्यांनी सोसली, केमोत डोक्यावरचे केस गेले तेही सोसलं. रडल्या त्या या तांब्यापाशी.

त्या तांब्याची गरज नव्हती. नातवाला अडवण्याचीही नव्हती. म्हणून हे लिहिते आहे.

आपल्याकडे रेडिएशनला रेडिएशन कुणी म्हणत नाही. कुणी "शेक" म्हणतं, कुणी "लाईट", कुणी "करंट". प्रत्येक शब्द आपली भीती बरोबर घेऊन येतो. शेक म्हटलं की चुलीजवळचं भाजणं आठवतं, करंट म्हटलं की विहिरीवरच्या मोटारीचा झटका. प्रत्यक्षात छातीचा एक्स-रे काढताना जेवढं जाणवतं तेवढंच इथेही जाणवतं, म्हणजे काहीच नाही. कडक टेबलावर उताणं झोपायचं, हात डोक्यावर घ्यायचा, हलायचं नाही. यंत्र भोवती फिरतं, थोडी घरघर ऐकू येते. खोलीत आपण एकट्या असतो, पण बाहेरचे तंत्रज्ञ कॅमेऱ्यातून सतत पाहत असतात आणि हाक मारली तर त्यांना ऐकू जाते. किरणं काही मिनिटांचीच. त्याहून जास्त वेळ शरीर नेमक्या जागी आणण्यात जातो. खरा त्रास असतो तो खांद्याचा. काखेतली शस्त्रक्रिया झालेली असते, हात वर जात नाही. खांद्याचे व्यायाम शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतील तेव्हा लगेच सुरू केले, तर टेबलावरची ती दहा-पंधरा मिनिटं बरीच सोपी जातात.

आता "अंगात किरणं राहतात" याबद्दल. स्तनाच्या कर्करोगात बहुतेक वेळा किरणं बाहेरून दिली जातात. लिनिअर ॲक्सिलरेटर नावाचं यंत्र विजेवर किरणं तयार करतं. बटण बंद झालं की किरणं संपली, जसा दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही. कोबाल्टच्या यंत्रात किरणोत्सारी पदार्थ असतो खरा, पण तो यंत्राच्या जाड कवचात बंद असतो. रोग्याच्या अंगात जात नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं "भाभाट्रॉन" हे देशी यंत्र याच जातीचं. म्हणजे टेबलावरून उठलेली बाई टेबलावर झोपण्याआधी होती तशीच असते. तिच्या घामात, लघवीत, उष्ट्या पाण्यात किरणं नसतात. एकाच ताटात जेवा, एकाच अंथरुणावर झोपा, नवऱ्याने जवळ घ्यावं, गरोदर सुनेने पाय चेपावेत, नातवाला मांडीवर बसवावं. कशालाच हरकत नाही. मांडीवरचं पोर किरणं दिलेल्या बाजूच्या कातडीवर लाथा झाडणार नाही एवढं पाहावं, कारण ती हुळहुळी झालेली असते.

"मग तो तंत्रज्ञ पळून बाहेर का जातो?" हा प्रश्न काकूंनीच मला विचारला होता, आणि तो रास्त आहे. रोगी एक ठरावीक मात्रा घेते, तीही तिच्या फायद्यासाठी. तंत्रज्ञ दिवसाला कितीतरी रोगी हाताळतो, वर्षानुवर्षं. रोज थोडी थोडी किरणं त्याने विनाकारण का घ्यावीत? गैरसमजाचं दुसरं मूळही आहे. थायरॉइडच्या कर्करोगात किरणोत्सारी आयोडीन पोटात देतात आणि त्या रोग्याला खरोखरच काही दिवस वेगळं ठेवतात. गावात कुणीतरी ते पाहिलेलं असतं, आणि एका आजाराचा नियम दुसऱ्याला चिकटतो.

सगळ्यात जास्त गोंधळ कातडीबद्दल आहे, तेव्हा तिथे जरा थांबते.

पहिल्या आठवड्यात सहसा काही दिसत नाही आणि बाई म्हणते, "मले तर कायीच नायी झालं." दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कातडी गरम लागते, ताणल्यासारखी वाटते, खाज येते. पुस्तकांत लिहिलेलं असतं की कातडी गुलाबी-लाल होते. आपल्या सावळ्या, उन्हात रापलेल्या अंगावर लाली दिसतच नाही. कातडी थेट काळपट होते. त्यामुळे फक्त रंग पाहून ठरवू नये, हाताला ऊब लागते का, वळताना ओढ बसते का, हेही पाहावं. स्तनाखालची घडी आणि काख या दोन जागा सर्वांत आधी बिघडतात, कारण तिथे घाम साचतो आणि कातडीवर कातडी घासते. काहींची सालं निघतात, थोड्या जणींची जागा ओली होऊन पाझरते. आणि ही गोष्ट आधी सांगितली नाही तर माणूस घाबरतो: शेवटचा दिवस झाल्यावर त्रास लगेच उतरत नाही. पुढचा आठवडा-दोन आठवडे तो वाढतो, मग उतरू लागतो. महिनाभरात कातडी बहुधा भरून येते. काळेपणा मात्र निवळायला कित्येक महिने लागतात.

"किरणं चालू असताना त्या जागी पाणी लावायचं नाही," असं काकूंना घरच्यांनी सांगितलं होतं. वैशाखातला वाशीम जिल्हा ज्याने पाहिला आहे, त्याने दीड महिना अंघोळीशिवाय राहण्याचा विचार करून पाहावा. अंघोळ चालते, किंबहुना करावीच. कोमट पाणी, सौम्य साबण, हाताने हलकं धुणं, आणि मऊ सुती कापडाने टिपून घेणं. घासायचं नाही, दगडाने तर नाहीच. धुतलेल्या कातडीला जास्त त्रास होत नाही, हे अशा रोग्यांच्याच चाचण्यांमध्ये तपासून झालेलं आहे. किरणांची नेमकी जागा कळावी म्हणून अंगावर शाईच्या खुणा केलेल्या असतील तर त्या पुसू नयेत, आणि पुसल्या गेल्याच तर घरी पेनाने पुन्हा काढू नयेत. तंत्रज्ञाला सांगावं, ते मोजून काढतात. काही ठिकाणी शाईऐवजी तिळाएवढं गोंदण करतात. पोहरादेवीच्या बाजूच्या बंजारा बायांना गोंदण नवं नाही. हे गोंदण नेम धरण्यासाठी आहे एवढंच समजून घ्यावं.

हळदीचं काय? हळद आपल्या घराघरातलं औषध, तिच्याबद्दल बोलायला जीव कचरतो. पण किरणांनी सोललेल्या जागेवर डब्यातली हळद लावू नये. ती निर्जंतुक नसते, तिचे कण ओल्या जागेत चिकटतात आणि काढताना कातडी निघते. शिवाय पिवळ्या थराखाली काय चाललं आहे ते डॉक्टरांना दिसत नाही. टूथपेस्ट, चुन्याची निवळी, शेण, राख, पावडर यांनाही तेच लागू. डॉक्टर जे मलम लिहून देतील तेच लावायचं. काही केंद्रांत आग कमी करण्यासाठी सौम्य स्टेरॉइडचं मलम देतात. ते त्यांनी सांगितलं तेवढेच दिवस. गरम पाण्याची पिशवी नको, बर्फही नको. काखेतले केस काढायला ब्लेड किंवा केस काढायचं क्रीम नको.

कपड्यांचा मुद्दा दवाखान्याच्या गर्दीत राहून जातो. घट्ट ब्लाउज आणि तारेची ब्रा स्तनाखालच्या घडीत नेमकी रुतते. काकूंनी तीन आठवडे काकांची जुनी, धुऊन मऊ झालेली बंडी घातली आणि वरून पदर घेतला. बंजारा बायांची आरशांची, भरतकामाची कांचळी छातीवर घासते. ती या दिवसांत पेटीत राहू द्यावी. लांब मंगळसूत्राची वाटीही छातीच्या मधोमध घासते. आखूड पोत घालावी, नाहीतर काही दिवस काढून ठेवावी. तेवढ्याने कुणाचं काही वाईट होत नाही. शेतात, ओसरीत किंवा चुलीपुढे बसताना त्या बाजूला ऊन आणि धग लागू देऊ नये.

कातडीतून पाणी किंवा पू येऊ लागला, वास येऊ लागला, ताप आला, तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी दाखवायचं.

केस गळतात का? किरणं जिथे पडतात तिथलेच. छातीवर किरणं घेतली तर डोक्यावरचे केस जात नाहीत. काखेतले जाऊ शकतात. डोक्यावरचे गेलेले असतात ते केमोने. मळमळही क्वचितच. गळ्याच्या हाडाजवळच्या गाठींवर किरणं दिली तर गिळताना घसा दुखतो, तो पुढे बरा होतो.

थकवा मात्र खरा आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून घरात त्याला मान मिळत नाही. "दवाखान्यात जाऊन फक्त झोपून तर येते," असं बोलणारे भेटतात. पूर्ण निजून राहिल्याने हा थकवा वाढतो; दररोज थोडं चालल्याने कमी होतो, हे चाचण्यांतूनही दिसलं आहे. चालणं वेगळं आणि पाण्याच्या कळशा, धुणं, निंदण वेगळं. हे दुसरं घरातल्या इतरांनी उचलायचं आहे.

पथ्याच्या नावाखाली बायांना उपाशी ठेवलं जातं. अंडं उष्ण, वांगं बाधतं, डाळ जड. मग उरते पातळ पेज. कातडी भरून यायला प्रथिनं लागतात. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, बेसन, दही, अंडी, खात असाल तर मांस-मासे, सगळं चालतं. कुणी "ताकदीच्या" गोळ्या किंवा पुड्या दिल्या तर आधी डॉक्टरांना दाखवा. काही जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा किरणांच्या कामातच आड येऊ शकतात, अशी शंका घेतली जाते.

आणि आता ज्या गैरसमजाने सर्वांत जास्त नुकसान होतं तो. "अंग काळं पडलं, आता पुरे झालं." गाठ तर काढलीच आहे, मग उरलेले दिवस कशाला? स्तन राखून गाठ काढलेल्या १०,८०१ स्त्रियांची १७ चाचण्यांतली माहिती एकत्र करून २०११ साली "लॅन्सेट"मध्ये छापली गेली. किरणं न घेतलेल्यांत दहा वर्षांत रोग उलटण्याचं प्रमाण ३५ टक्के होतं, घेतलेल्यांत १९. हा फायदा पूर्ण मात्रेचा आहे. रोज थोडी मात्रा देण्यामागे हिशोब आहे: निरोगी पेशी रात्रीतून स्वतःची डागडुजी करतात, कर्करोगाच्या पेशींना ते तितकं जमत नाही. मधे आठ दिवस सोयाबीन काढायला गेलात, तर त्याही पेशींना उसंत मिळते. सोंगणी असो, लग्न असो, सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना सांगा. तारखा जुळवता येतात.

उलटीही शंका असते. "माझ्या जावेला पंचवीस शेक दिले आणि मला पंधराच, सरकारी योजनेतली म्हणून कमी दिले का?" नाही. पूर्वी पाच आठवड्यांत ५० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) देत. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं की तीन आठवड्यांत १५ वेळा मिळून ४० ग्रे दिल्यानेही रोग तितकाच आटोक्यात राहतो आणि त्रास वाढत नाही, उलट थोडा कमीच. २०२० साली तर एका आठवड्यात पाच वेळा किरणं देण्याच्या पद्धतीचेही चांगले निकाल आले. ती कुणाला योग्य हे डॉक्टर ठरवतात. पण दिवस कमी म्हणजे उपचार कमी, असं नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या बाईला हे पंधरा दिवस म्हणजे केवढी सोय आहे! किरणांसाठी अकोल्याचं संत तुकाराम रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय गाठावं लागतं. वाशीमहून अकोला सुमारे ८० किलोमीटर, नागपूर त्याच्या तिप्पट. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार बसतात. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग्याला रेल्वेच्या स्लीपर वर्गाचं भाडं पूर्ण माफ आहे आणि सोबत्यालाही सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, तो पहिल्याच दिवशी मागून घ्यावा.

डाव्या बाजूच्या रोग्यांना हृदयाची धास्ती असते. ती खोटी नाही. जुन्या पद्धतीत हृदयावर किरणं जास्त पडत. आता सीटी स्कॅनवर आखणी करून हृदय बाजूला ठेवतात. काही केंद्रांत खोल श्वास धरायला लावतात, फुप्फुस फुगलं की हृदय छातीच्या भिंतीपासून मागे सरतं.

उपचार संपल्यावरच्या दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक हाताची. काखेतल्या गाठी काढल्या असतील आणि तिथे किरणंही दिली असतील, तर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी त्या हाताला सूज येऊ शकते. ती आधी बांगडीला कळते. दोन्ही हातांत एकाच मापाच्या बांगड्या असतात आणि एका हातातली निघेनाशी होते. काकूंच्या बाबतीत असंच झालं. कासाराने तेल लावून बांगडी काढली आणि म्हणाला, "हात भरला बाई तुमचा." त्यांनाही ते बरं लक्षण वाटलं. सूज लवकर दाखवली तर पट्ट्या, मालिशची ठरावीक पद्धत आणि व्यायाम यांनी आटोक्यात राहते, जुनी झाली की हट्टी होते. त्या हाताला काटा रुतला, चटका बसला तरी लगेच धुऊन औषध लावायचं.

दुसरी गोष्ट खोकल्याची. किरणांनंतर साधारण एक ते सहा महिन्यांत थोड्या जणींच्या फुप्फुसाला सूज येते. कोरडा खोकला, चढावर दम, कधी बारीक ताप. गावातल्या डॉक्टरला छातीवर किरणं घेतल्याचं कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून आधी खोकल्याची बाटली, मग अँटिबायोटिक, मग टीबीची तपासणी असा फेरा होतो. ही सूज वेगळ्या औषधांनी बरी होते, पण त्यासाठी ती ओळखावी लागते. काकूंची फाईल आता लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात असते, आणि साध्या सर्दीसाठी दवाखान्यात जायचं झालं तरी नातू ती काखोटीला मारून पुढे चालतो.